सवलत, आग्रह आणि सचोटी

मनुष्य खोटें बोलतो तें शब्दांनींच बोलतो असा आपला सामान्य समज आहे. परंतु आंकड्यांनींही खोटें बोलतां येतें. आणि तें अशा खुबीनें कीं, एकेक आंकडा वेगळा काढून तपासला असतां बरोबर भरावा, आणि सर्व आंकडे मिळून मनावर जो ग्रह उमटतो तो मात्र असत्य असावा. मासिकांच्या व साप्ताहिकांच्या वर्गणीवर हल्लीं ज्या भारी सवलती जाहीर करण्यांत येतात, आणि त्या लोकांच्या गळीं उतरविण्यासाठीं जो आग्रह चालतो, त्याविषयीं विचार करूं लागलें म्हणजे हा प्रश्न पुढें येतो. एखाद्या गृहस्थाचे दोनचार हजार रुपये नको त्या कागदांत गेले, तर त्यांत नीतीचा एवढा मोठा प्रश्न तो कोणता, असें कोणी म्हणेल. आमच्या मतें हा मूळ प्रश्न रुपयांचा नाहीं, होकाराचा आहे. मनुष्याचा होकार ही त्याची स्वतःची वस्तु आहे. ती त्याच्यापासून कोणत्या रीतीनें मिळविणें न्याय्य होय, आणि कोणत्या रीतीनें मिळविणें म्हणजे हिरावून घेणें होय, एवढेंच ह्या लेखांत पाहावयाचें आहे.

प्रथम शब्दाकडेच पाहूं. विहिरीचा गाळ काढावयाचा, चावडीवर कौलें घालावयाचीं, कोणा गरिबाच्या घरीं प्रसंग ओढवला तर मदत करावयाची, अशा वेळीं आपल्या खेड्यांत घरोघर वर्गणी गोळा होते. जो तो आपल्या ऐपतीप्रमाणें देतो, आणि आपण कशासाठीं देतों हें देणाऱ्यास ठाऊक असतें. बाळशास्त्री जांभेकर यांनीं १८३२ सालीं ‘दर्पण’ काढलें. त्यानंतर मराठींत जीं पत्रें व मासिकें निघत गेलीं त्यांच्या व्यवहारांतही हाच शब्द रूढ झाला, आणि तें योग्यच झालें. छपाईचा व कागदाचा खर्च एकट्या संपादकास झेपणारा नसे. पुष्कळांनीं थोडें थोडें घातलें म्हणजे पत्र चाले. म्हणून वर्गणीदार हा गिऱ्हाइकापेक्षां भागीदाराच्या अधिक जवळचा. १८७७ सालीं टपालखात्यानें व्ही. पी. ची सोय केली. त्या रीतींत पोस्टमन पाकीट घेऊन दारीं येई. ज्यास तें हवें असेल तो पैसे देई, आणि ज्यास नको असेल त्यानें ‘घेत नाहीं’ एवढें म्हटलें कीं पाकीट परत जाई. नाहीं म्हणण्यास तेथें एक वाक्य पुरे होतें. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

आतां आजचें एक उदाहरण घेऊं. नवी मुंबईंतील खांदेश्वर हें हार्बर मार्गावर पनवेलच्या अलीकडचें स्थानक. १९७० सालीं सिडकोची स्थापना होऊन नव्या शहराची आंखणी झाली. त्यापूर्वीं ह्या बाजूस भातखाचरें, मिठागरें आणि आगरी व कोळी लोकांचीं गांवें होतीं. आज तेथें इमारतींच्या रांगा आहेत, आणि घाटावरून, कोंकणांतून व मराठवाड्यांतून पोटासाठीं आलेलीं कुटुंबें त्यांत राहतात. आपल्या खेड्यांतील मंडळ्यांतून गेलेले तरुणही त्यांत आहेत. अशा एका घरीं आम्ही भेटीस गेलों असतां कपाटावर एका इंग्रजी साप्ताहिकाच्या अंकांची चवड दिसली. बहुतेकांवरचें वेष्टणही निघालें नव्हतें. घरांत इंग्रजी वाचणारी एकटी आठवींतील मुलगी, आणि तिलाही तो मजकूर कठीण. मग हें घेतलें कसें, असें आम्हीं विचारलें. घरधनिणीनें सांगितलें तें असें: एका दुकानांत सामान घेतांना बक्षिसाची चिठ्ठी म्हणून एक कागद तिच्याकडून भरून घेण्यांत आला, व त्यावर फोनचा नंबर लिहून घेतला गेला. पुढें आठ दिवस रोज फोन येत राहिला. शेवटीं एके दिवशीं भर दुपारीं एक तरुण दारांत येऊन उभा राहिला. “पाळकसाहेब, तो पोरगा उन्हातून आला होता. पाणी मागितलं, दिलं. आजचा शेवटचा दिवस आहे म्हणाला. तासभर उठेचना. मग नाही म्हणवेना हो.” तीन वर्षांची वर्गणी, सत्तर टक्के सवलत, आणि वर एक प्रवासाची बॅग फुकट, असा तो सौदा होता.

हिशेब मांडून पाहूं. अंकाची छापील किंमत १०० रुपये. वर्षाचे ५२ अंक, तीन वर्षांचे १५६. म्हणजे छापील किंमत १५,६०० रुपये. सवलत वजा जातां देणें ४,६८० रुपये. ‘तुमचे १०,९२० रुपये वांचले’ असें पावतीवर ठळक अक्षरांत छापलेलें होतें. ह्यांत गुणाकाराची अगर वजाबाकीची चूक कोठेंही नाहीं. परंतु वांचले म्हणजे काय? जो पैसा खर्च होणारच होता आणि झाला नाहीं, तो वांचला. ह्या घरांतून त्या साप्ताहिकावर तीन वर्षांत किती रुपये खर्च होणार होते? एकही नाहीं. त्या घरीं एखादा इंग्रजी जाणणारा शिक्षक असता, आणि त्यानें विक्रेत्याकडून वर्षाकांठीं दहा अंक निवडून घेतले असते, तरी तीन वर्षांचा खर्च ३,००० रुपये झाला असता. त्यालाही ह्या सवलतीपायीं १,६८० रुपये अधिक मोजावे लागले असते. १५,६०० रुपये देण्याचें कोणाच्या मनांत नव्हतें, आणि कोणी तितके मागतही नव्हतें. ती रक्कम कागदावर मांडली ती केवळ तिच्या शेजारीं ४,६८० लहान दिसावे म्हणून. आंकडे खरे, पण त्यांनीं सांगितलेली गोष्ट खोटी, असें आरंभीं आम्हीं म्हटलें तें हेंच.

येथें एक आक्षेप येण्यासारखा आहे. आपल्या आठवड्याच्या बाजारांत तरी दुसरें काय चालतें? भाजीवाली वीस सांगते, गिऱ्हाईक दहा म्हणतें, आणि पंधरांवर सौदा ठरतो. ती बाई खोटें बोलली काय? आमच्या मतें ह्या दोहोंत भेद आहे. घासाघिशींत दोघेही जाणून असतात कीं पहिला आंकडा हा केवळ बोलण्याचा आरंभ आहे. तो कोणी सत्य म्हणून सांगत नाहीं, आणि कोणी सत्य म्हणून घेतही नाहीं. शिवाय दोघांच्याही हातीं एकच साधन, तें म्हणजे आपली जीभ. छापील सवलतींत आंकडा वस्तुस्थिति म्हणून पुढें ठेवलेला असतो, आणि त्याच्याशीं भांडतां येत नाहीं. एका बाजूस पुष्कळ डोक्यांनीं मिळून रचलेलें व पाठ करून घेतलेलें भाषण, आणि दुसऱ्या बाजूस दुपारच्या वेळीं घरांत एकटी बाई: हा सामना बरोबरीचा नव्हे.

तथापि घासाघीसही सर्वांनींच निर्दोष मानली आहे असें नाहीं. सतराव्या शतकांत इंग्लंडांत जॉर्ज फॉक्स यांच्या अनुयायांनीं, ज्यांस क्वेकर असें म्हणतात, दुकानांत मालाची एकच किंमत सांगण्याचा नियम पाळला. जी किंमत घ्यावयाची नाहीं ती मागणें हेंच त्यांच्या दृष्टीनें असत्य होतें. आरंभीं त्यांचीं गिऱ्हाइकें तुटलीं. पुढें लोकांच्या ध्यानांत आलें कीं, ह्यांच्या दुकानीं लहान मूल पाठविलें तरी त्यास मोठ्या माणसासारखाच माल त्याच भावानें मिळतो; मग तींच गिऱ्हाइकें परत आलीं. फॉक्स यांनीं आपल्या रोजनिशींत ही हकीगत स्वतः नमूद केली आहे. तिजवरून आम्हांस एक साधी कसोटी सांपडते. जेथें लेंकरू पाठवितां येईल तो व्यवहार सचोटीचा. ज्या व्यवहारास सावध, हिशेबी व थोडा निगरगट्ट माणूसच पाठवावा लागतो, आणि भोळा गेला तर नागवला जातो, तो व्यवहार कायद्याच्या कचाट्यांतून सुटला तरी सचोटीचा नव्हे.

ह्यावरून स्वस्त विकणें वाईट असा अर्थ कोणी काढूं नये. पूर्वीं पाठीवर गांठोडें घेऊन गांवोगांव फिरणारे आपले पुस्तकें विकणारे बंधु पैशा-दोन पैशांस पुस्तक देत. छपाईचा खर्च त्याहून अधिक असे. परंतु त्या स्वस्ताईचें कारण उघड होतें: उरलेला खर्च दुसऱ्या कोणी आपखुशीनें सोसलेला होता. आजच्या सवलतीच्या मासिकाचा उरलेला खर्च कोण सोसतो, हें म्हणूनच विचारलें पाहिजे. तो बहुतांशीं जाहिरातदार सोसतात. वाचक जितके अधिक, तितका जाहिरातीचा दर अधिक. आपल्या देशांत खपाचे आंकडे तपासण्यासाठीं ऑडिट ब्यूरो ऑफ सर्क्युलेशन्स ही संस्था १९४८ सालीं निघाली, ती ह्याच कारणानें. जाहिरात देणाऱ्यास खरा खप कळणें अवश्य होतें. अशा स्थितींत अंक उघडून वाचला जातो कीं नाहीं ह्याची चिंता मागें पडते, आणि यादींत एक नांव वाढलें ह्याचा आनंद पुढें येतो. वर्गणीदार भागीदार होता तो आतां मोजणींतील एक आंकडा झाला.

आतां आग्रहाकडे वळूं. आग्रह ही गोष्ट आपल्या रीतींत वाईट मानलेली नाहीं. पंगतींत वाढणारा ‘आणखी एक घ्याच’ म्हणतो तेव्हां आपण त्यास दोष देत नाहीं. परंतु तो आग्रह जेवणाऱ्याच्या पोटाकडे पाहून केलेला असतो, आणि पान संपल्यावर यजमान हिशेबाचा कागद पुढें करीत नाहीं. वर्गणीच्या बाजारांतील आग्रहाचीं साधनें तीन: घाई, बक्षीस आणि लाज.

घाई अशी कीं, सवलतीचा आजच शेवटचा दिवस आहे असें सांगावें. पुढील आठवड्यांत तीच सवलत पुन्हां निघते, हें ज्यानें दोनदां अनुभविलें त्यास ठाऊक आहे. ह्या घाईचा हेतु एवढाच कीं, बायकोनें नवऱ्यास विचारूं नये, नवऱ्यानें बायकोस विचारूं नये, आणि कोणीही एक रात्र मध्यें जाऊं देऊं नये. जो होकार एका रात्रीच्या विचारानें मोडेल अशी घेणाऱ्यासच भीति वाटते, तो होकार मुळांत पक्का नव्हता हें घेणाराच कबूल करतो.

बक्षिसाचें उदाहरण अमेरिकेंत फार ठळकपणें दिसून आलें. ‘रीडर्स डायजेस्ट’ हें मासिक १९२२ सालीं डेविट वॉलेस व त्यांच्या पत्नी लीला यांनीं काढलें. लीलाबाई ह्या एका प्रेस्बिटेरियन पाळकाच्या कन्या. त्याची भारतीय आवृत्ति १९५४ पासून निघूं लागली. पुढें ह्या मासिकाकडून लोकांस सोडतीचीं पत्रें जाऊं लागलीं. पत्रांची भाषा अशी कीं, बक्षीस जणूं हातीं आलेंच. खरेदी केली म्हणजे नंबर लागेल अशा समजुतीनें कित्येक वृद्ध माणसें नको त्या वस्तु मागवीत राहिलीं. शेवटीं २००१ सालीं अमेरिकेंतील ३२ राज्यांशीं कंपनीस समेट करावा लागला. सहा महिन्यांत एक हजार डॉलरांहून अधिक खर्च करणाऱ्या गिऱ्हाइकास, ‘बक्षिसासाठीं खरेदीची गरज नाहीं’ असें पत्र पाठवावें, अशी त्यांत एक अट होती. ह्या एका अटीवरून किती आशाळभूत हातांनीं ते पैसे पाठविले असतील ह्याची कल्पना यावी. मासिकांच्या वर्गण्या विकून नांवारूपास आलेल्या पब्लिशर्स क्लिअरिंग हाउस ह्या दुसऱ्या कंपनीवरही अशाच प्रकारचा आरोप आला, आणि २०२३ सालीं तिनें १ कोटी ८५ लाख डॉलर देण्याचें मान्य केलें. सोडतीच्या पत्रांत बारीक टाइपांत खरें लिहिलेलें असतें, असा बचाव अशा वेळीं केला जातो. आमचें म्हणणें एवढेंच कीं, जें सत्य ऐकूं जाऊं नये म्हणून हळू बोललें जातें, तें बोलणाऱ्याच्या पदरीं सत्य म्हणून जमा होत नाहीं.

तिसरें साधन लाज. सभ्य माणसास दारांत आलेल्यास ‘जा’ म्हणवत नाहीं. गरीब पण अब्रूदार घरांत ही भिड अधिक असते, आणि विकणाऱ्यास तें पक्कें ठाऊक असतें. म्हणजे मनुष्याच्या अंगचा जो गुण, त्याच्याच दावणीस त्याला बांधावयाचें. आमच्या दृष्टीनें तिन्ही साधनांत हें अधिक वाईट. कारण पैसे गेले तर पुन्हां मिळवितां येतात, पण असें दोनदां फसलेला मनुष्य पुढें खऱ्या वाटसरूसही पाणी देतांना कचरतो.

सरकारनेंही आतां ह्या गोष्टींची दखल घेतली आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखालीं भ्रामक जाहिरातीबद्दल पहिल्या वेळीं दहा लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. ३० नोव्हेंबर २०२३ रोजीं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें मोबाइल व संगणकावरील विक्रींत चालणाऱ्या तेरा फसव्या युक्त्यांची यादी करून त्या मना केल्या. खोटी घाई करणें, लाजवून होकार घेणें, सारखा पिच्छा पुरविणें, आणि वर्गणींत शिरणें सोपें पण बाहेर पडणें कठीण करून ठेवणें, ह्या चारही गोष्टी त्या यादींत आहेत. व्ही. पी. च्या काळीं नाहीं म्हणण्यास एक वाक्य पुरे होतें. आज त्यासाठीं कायदा करावा लागला. परंतु कायदा दाराशीं उभ्या असलेल्या बाईच्या जिभेवर ‘नाहीं’ हा शब्द ठेवूं शकत नाहीं. तें काम शिक्षणाचें आहे, आणि म्हणून आपलें आहे.

येथें दोन गोष्टी न्यायासाठीं सांगितल्या पाहिजेत. पहिली ही कीं, दारीं येणारा तरुण बहुधा आपल्यासारख्याच घरचा असतो. त्याला पगार थोडा, आणि किती वर्गणीदार केले त्यावर त्याची नोकरी. त्याजवर ओरडणें, त्याला चोर म्हणणें, हें आम्हांस मुळींच पसंत नाहीं. त्यास पाणी द्यावें, भूक असेल तर भाकर द्यावी. मात्र दान आणि खरेदी हीं एकत्र करूं नयेत. ज्यास दया येऊन पन्नास रुपये द्यावेसे वाटतात, त्यानें ते उघड हातानें द्यावे. दयेपोटीं चार हजारांचा कागद घेतला तर त्या मुलाच्या हातीं त्यांतलें थोडेंच पडतें, आणि आपल्या घरच्या लेंकरांची फी मात्र अडते.

दुसरी गोष्ट थोडी कडू आहे. फसविणाऱ्याचें जाळें आपल्या लोभाच्या सुतानेंच विणलेलें असतें. फुकट बॅग नसती, दहा हजार ‘वांचल्याचा’ मोह नसता, तर पुष्कळ दारें आपोआप बंद राहिलीं असतीं. स्वस्तांत मिळालें म्हणून गरज उत्पन्न होत नाहीं. ‘हें पूर्ण किंमतीस मिळत असतें तर मी घेतलें असतें काय?’ हा एक प्रश्न मनाशीं विचारावा. उत्तर नाहीं असें आल्यास सवलतीनेंही घेऊं नये.

आमच्या उपदेशक बंधूंनीं व शिक्षकांनीं हें ज्ञान घरोघर पोंचवावें अशी आमची विनंति आहे. बक्षिसाच्या चिठ्ठीवर फोनचा नंबर लिहूं नये. कोणतीही वर्गणी त्याच दिवशीं भरूं नये. ‘घरीं विचारून उद्यां सांगतों’ हें उत्तर प्रत्येकानें पाठ करावें, आणि त्यांत कमीपणा मानूं नये. फोनवर कोणासही कार्डाचा आंकडा अगर बँकेकडून आलेला सांकेतिक नंबर सांगूं नये. कार्डावरून दर महिन्यास आपोआप पैसे कापण्याची संमति दिली असल्यास, पैसे कापण्यापूर्वीं चोवीस तास बँकेकडून सूचना येते. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचा हा नियम अंमलांत आहे. ती सूचना वाचून, वर्गणी नको असेल तर तेव्हांच बंद करावी. नकोसे फोन थांबविण्यासाठीं १९०९, आणि फसवणुकीच्या तक्रारीसाठीं १९१५ हे नंबर आहेत. ते शाळेच्या भिंतीवर लिहून ठेवावे.

आणि शेवटीं आमच्याच घरांतील एक गोष्ट. हें पत्रही वर्गणीवर चालतें, आणि वर्गणीदार मिळविण्याचें काम उपदेशकांकडेच असतें. तेव्हां आज दुसऱ्यांस लावलेली कसोटी आपणांसही लागते. पाळकाच्या शब्दास नाहीं म्हणवत नाहीं, मुलाचा दाखला मास्तरांच्या हातीं आहे, मंडळींत चारचौघांपुढें नांव वाचलें जाईल, अशा भिडेनें जर कोणी वर्गणी भरली, तर तो होकारही पिळून काढलेलाच होय, आणि त्या पैशांनीं छापलेल्या सत्याची किंमत तितकीच कमी होते. वर्गणीदार थोडे झाले तरी चालतील. अंक दाखवावा, किंमत एकदां सांगावी, आणि घेणाऱ्यास विचार करूं द्यावा. दहा वर्षांच्या मुलीनें घरचे पैसे घेऊन येऊन वर्गणी भरावी, आणि बापानें पावती पाहून ‘बरोबर आहे’ म्हणावें, इतका आपला व्यवहार साधा असला पाहिजे.